गोष्टीत राबतो कोण?

(गणेशोत्सवातील व्याख्यानात केलेल्या भाषणाचा मजकूर)



व्यासपीठावर बोलायची आम्हांला सवय नाही. शिक्षण डिप्लोमापर्यंत, नोकरी राज्य सरकारची, दिवस फायलींमध्ये जातो. साहित्यावर बोलायला एखादे प्राध्यापक आणायला हवे होते. पण कार्यकारिणीचे म्हणणे पडले की गेले वर्षभर रविवारी संध्याकाळी मंडळाच्या खोलीत जे सहा-सात जण पुस्तक वाचायला बसतात, त्यांच्यापैकीच कोणीतरी बोलावे. म्हणून आम्ही उभे आहोत. जे बोलू ते त्या सहा-सात जणांचे मिळून आहे. चुका मात्र आमच्या.

विषय आहे समाजवादी नजरेने कथा-कादंबरी कशी वाचावी. नाव ऐकून काही जण दचकले. बाप्पाच्या मंडपात हा विषय कशाला, असेही कानावर आले. पण 1893-94 च्या सुमारास लोकमान्यांनी हा उत्सव घरातून चौकात आणला, तेव्हापासून मंडपात आरतीबरोबर व्याख्यानही आहे. चौकातल्या बाप्पासमोर चौकातले प्रश्न बोलायचे, ही आपली जुनीच रीत आहे.

आता समाजवादी नजर म्हणजे काय? आम्हांला समजले ते सोप्या भाषेत सांगतो. आपल्या गोडादऱ्यात साडी कशी तयार होते हे कोणाला शिकवायला नको. कोणी बीम भरतो, कोणी लूम चालवतो, कोणी डाइंगमध्ये वाफेत उभा असतो, कोणी मार्केटात गाठी उचलतो. आपल्याच गल्लीतल्या वहिनी घरकाम आटोपून साडीला लेस लावतात, खडे चिकटवतात, धागे कापतात. शेवटी साडी काचेच्या दुकानात लागते आणि तिच्यावर नाव असते ते दुकानाचे. समाजवादी नजर एवढेच विचारते की ही साडी किती हातांतून आली आणि त्या हातांना काय मिळाले? तोच प्रश्न गोष्टीला विचारायचा. या गोष्टीत राबतो कोण? त्याच्या राबण्यावर जगतो कोण? आणि बोलायला कोणाला मिळते, गप्प कोणाला ठेवले आहे?

लेखकाचा पक्ष तपासणे म्हणजे ही नजर नव्हे. मार्क्सचे सहकारी एंगेल्स यांनी 1888 साली एका इंग्रज लेखिकेला लिहिलेल्या पत्रात फ्रेंच कादंबरीकार बाल्झाकची तोंडभरून स्तुती केली. बाल्झाक तर राजेशाहीच्या बाजूचा माणूस. पण त्याने पैशाचा आणि माणसांचा व्यवहार खरा दाखवला, म्हणून तो मोठा. म्हणजे लेखक काय घोषणा देतो ते नव्हे, तो काय पाहतो ते बघायचे.

या नजरेने आम्ही आधी आपल्या घरातलेच पुस्तक काढले. साने गुरुजींचे ‘श्यामची आई’. आपल्यापैकी बहुतेकांची मुळे नंदुरबार, धुळे, जळगाव जिल्ह्यांत. गुरुजी 1924 ते 1930 अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, त्यामुळे ते आपल्याला घरचेच वाटतात. हे पुस्तक त्यांनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात अवघ्या काही दिवसांत लिहून काढले. आपण ते वाचतो आणि रडतो. संस्काराचे पुस्तक म्हणून बारशाला, वाढदिवसाला देतो. पण पुन्हा वाचताना आम्ही विचारले की ही आई खचली कशाने? उत्तर पानोपानी आहे. कर्जाने. एके काळचे सुखवस्तू घर सावकाराच्या देण्यात बुडते, वसुलीचा माणूस दारात येऊन बोलतो, जप्ती येते. आईच्या डोळ्यांतल्या पाण्याला हिशेबाची वही कारण आहे. आणि तीच आई एका म्हाताऱ्या महारणीची मोळी उचलून द्यायला श्यामला पाठवते. गुरुजी पुढे खानदेशात गिरणी कामगारांच्या बाजूने उभे राहिले, 1947 साली पंढरपूरच्या मंदिरासाठी उपोषणाला बसले. ते सगळे बीज या पुस्तकात आहे. आपण इतकी वर्षे रडण्याच्या नादात ते पाहिलेच नाही.

मग एकातून एक पुस्तके निघत गेली. मामा वरेरकरांची ‘धावता धोटा’, मुंबईच्या गिरणी कामगारांवरची कादंबरी. धोटा म्हणजे काय हे आपल्या मंडळात समजावून सांगावे लागत नाही, हे आमचे भाग्य. अण्णाभाऊ साठे, ज्यांना शाळा जेमतेम दीड दिवसाची मिळाली, त्यांची ‘फकिरा’. दुष्काळात उपाशी माणसांसाठी धान्य लुटणारा नायक त्यांनी मराठीला दिला आणि 1961 साली त्या कादंबरीला राज्य सरकारचे पारितोषिक मिळाले. नारायण सुर्वे, रस्त्यावर सापडलेले मूल, गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणी कामगाराने वाढवलेले. स्वतः गिरणीत राबले, शाळेत शिपाई झाले, मग शिक्षक, आणि 1995 साली परभणीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. जयंत पवारांचे ‘अधांतर’ हे नाटक तुम्ही वाचले नसेल, पण त्यावरून निघालेला ‘लालबाग परळ’ हा चित्रपट बऱ्याच जणांनी पाहिला असेल. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या संपाने अडीच लाखांच्या आसपास कामगारांच्या घरांचे काय झाले, ते त्यात आहे. त्या गिरण्या बसल्या आणि कापड भिवंडीत, सुरतेत पॉवरलूमवर निघू लागले. म्हणजे गिरणगाव जिथे संपते, तिथून आपली गोष्ट सुरू होते.

इथे आमच्या वाचनात एका ज्येष्ठ काकांनी हरकत घेतली. ते म्हणाले, “अरे, दिवसभर लूमचा खडखड ऐकायचा आणि रात्री पुस्तकातही तोच? माणूस गोष्ट वाचतो ती विरंगुळ्यासाठी.” काकांची हरकत नवी नाही. ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर यांच्या काळी कलेसाठी कला की जीवनासाठी कला, यावर मराठीत मोठा वाद झाला. काकांचे म्हणणे आम्ही हसण्यावारी नेले नाही, कारण त्यात तथ्य आहे. मालक नेहमी राक्षस आणि कामगार नेहमी साधू, अशी गोष्ट कंटाळवाणी होते. ती खोटीही असते. कामगारही घरी जाऊन बायकोवर हात उगारतो. कामगारही दुसऱ्या कामगाराला खाली ढकलतो. हे जी गोष्ट दाखवत नाही, ती समाजवादाच्या कामाची नाही.

आणि इथेच आम्ही आजच्या मुख्य गोष्टीकडे येतो. ती काकांनाही शेवटपर्यंत ऐकावीशी वाटली.

बाबूराव बागूल. जन्म 1930 चा, नाशिकजवळचा, वाढले मुंबईच्या लेबर कँपात. 1963 साली त्यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह आला आणि मराठी कथा हादरली. त्यातली याच नावाची कथा घडते कुठे, माहीत आहे? उधन्याला! इथून रिक्षाने पंधरा-वीस मिनिटांवर असलेल्या, आपल्या उधन्याला. ज्या स्टेशनात जळगावकडची गाडी येते आणि जिथे आपले वडील, आजोबा वळकटी घेऊन उतरले, तिथे. आपल्यापैकी बहुतेकांना हे माहीत नव्हते. आम्हांलाही नव्हते.

एक तरुण रेल्वेच्या कामावर उधन्याला येतो. कवी आहे, स्वतंत्र भारताबद्दल त्याच्या मनात मोठी आशा आहे. राहायला खोली हवी. लगेच प्रश्न येतो, जात कोणती? तो सरळ उत्तर देत नाही. जात झाकते, तेव्हा मान मिळतो. कविता ऐकून बरोबरचे लोक भारावतात, घरी जेवायला बोलावतात. त्याच कामावर काशीनाथ सपकाळ आहे. तो जात लपवत नाही, त्यामुळे रोज अपमान आणि रोज भांडण. आपला कवी हे सगळे पाहतो आणि आतून जळतो. शेवटी सत्य बाहेर येते. काल ज्यांनी डोक्यावर घेतले, ते आज मारायला धावतात, आणि त्याला वाचवायला येतो तो काशीनाथच.

मारणारे कोण होते, हे लक्षात घ्या. कोणी गिरणीमालक नव्हते. त्याच्याबरोबर काम करणारी, त्याच्यासारखाच पगार घेणारी माणसे होती. मालक आणि मजूर एवढीच रेघ ओढून जो समाजवाद थांबतो, त्याला ही कथा पुढचा प्रश्न विचारते. एकाच पाळीत घाम गाळणारे दोघे एका घागरीतले पाणी पिणार की नाही? आणि त्या तरुणाचा राग शेवटी मारणाऱ्यांवर राहत नाही. तो त्यांच्या मागच्या जुन्या व्यवस्थेकडे बोट दाखवतो.

त्या रविवारी कथा संपल्यावर खोलीत बराच वेळ कोणी बोलले नाही. मग एकाने विचारले, “आता नाही ना असे होत?” आणि सगळे आमच्याकडे बघू लागले, कारण आम्ही सरकारी माणूस.

उत्तर द्यायचे तर घरचेच द्यावे लागेल. तीन वर्षांपूर्वी आम्ही वरची खोली भाड्याने द्यायला काढली. एक तरुण जोडपे आले, मराठी, आपल्याच भागातले. मुलगा लूमच्या खात्यात कामाला. आम्ही नाव विचारले, त्याने सांगितले. आडनाव विचारले, सांगितले. गाव विचारले, तेही सांगितले. मग आम्ही विचारले, “गावात घर कुठल्या बाजूला?” तो थांबला. त्याच्या बायकोने खाली पाहिले. आम्ही म्हणालो, “बरं, कळवतो.” आम्ही कधीच कळवले नाही.

इथे ‘केम छो’च्या पाठोपाठ ‘केवा छो’ विचारतात, म्हणजे कोणत्या जातीचे, अशी तक्रार आपण कधीतरी केलेली असते. आम्ही तेच विचारले, फक्त मराठीत आणि आडवळणाने. ऑफिसात आमच्यासमोरच्या फाइलींतही जातीचे दाखले येतात. तिथे ते माणसाला त्याचा हक्क मिळावा म्हणून लागतात. दारात आम्ही विचारले ते हक्क नाकारण्यासाठी. हा फरक आम्हांला कायद्याच्या पुस्तकाने कळायला हवा होता. तो कळला एका कथेने.

म्हणून साहित्याचा उपयोग काय, असे कोणी विचारले तर आमच्याकडे एवढेच उत्तर आहे. 1963 साली छापलेल्या त्या कथेत आम्ही स्वतःला शोधत होतो. वाटले होते, उधन्याला उतरलेल्या तरुणात सापडू, कारण आपले वडीलही तसेच उतरले. सापडलो ते जात विचारणाऱ्यांत. बाहेरून आलेल्या माणसाची मुले चाळीस वर्षांत घरमालक होतात आणि आपल्या बापाला विचारले गेलेले प्रश्न दुसऱ्याला विचारू लागतात. समाजवादी नजर दुसऱ्यावर रोखायला सोपी आहे. ती आपल्यावर वळली की डोळ्यांत पाणी येते, आणि ते श्यामच्या आईसाठी आलेल्या पाण्यापेक्षा कडू असते.

शेवटी मंडळापुढे तीन गोष्टी ठेवतो. पहिली, मंडळाच्या कपाटात ट्रॉफ्यांच्या शेजारी एक फळी पुस्तकांची करावी. आज नावे घेतली ती पुस्तके आम्ही सहा-सात जण आणून देऊ. दुसरी, रविवारच्या वाचनाला लेस लावणाऱ्या वहिनींनी आणि खात्यात काम करणाऱ्या मुलांनी यावे. वाचता येत नसेल तर ऐकावे, आणि गोष्ट खोटी वाटली तर तसे सांगावे. साडी किती हातांतून जाते ते आमच्यापेक्षा त्यांना जास्त माहीत आहे.

तिसरी गोष्ट मंडळाच्या ठरावाने होणारी नाही. ती ज्याच्या त्याच्या दारातली आहे. आमची वरची खोली पुढच्या महिन्यात पुन्हा रिकामी होते आहे. यावेळी आम्ही दोघे नवरा-बायको तीनच प्रश्न विचारणार आहोत. नाव काय, काम काय, आणि भाडे कोणत्या तारखेला देणार. चौथा प्रश्न तोंडावर आलाच, तर त्या मुलीने खाली घातलेली मान आठवू.

 गणपती बाप्पा मोरया!