हिशेब तपासणारा कोणाच्या हातून कागद घेतो?



मी बँकिंगचा तज्ज्ञ नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्या कामात एक साधी शिस्त असते : ज्याने प्रोग्राम लिहिला, त्यानेच तो तपासून पास करायचा नाही. माणूस बेइमान असतो म्हणून नाही. स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही म्हणून. आणि बेइमान असला, तर मग ही शिस्त लागतेच.

२०१९ सालची पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक तुम्हाला आठवत असेल. सप्टेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले. सुरुवातीचा हुकूम असा, की सहा महिन्यांत एका खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येतील. मुंबईत शाखांसमोर लोक रडत उभे होते. कोणाचे पेन्शन अडकले, कोणाच्या मुलाची फी.

झाले काय होते? बँकेच्या एकूण कर्जापैकी ७० टक्क्यांहून अधिक रक्कम एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे गेली होती. पोलिसांकडे नोंदलेल्या तक्रारीनुसार, त्या समूहाची ४४ थकीत खाती झाकण्यासाठी २१,०४९ बनावट कर्जखाती दाखवली गेली. ही खाती बँकेच्या संगणक प्रणालीत उघडलेलीच नव्हती. रिझर्व्ह बँकेला द्यायच्या यादीत तेवढी होती.

माझ्यातला इंजिनिअर इथेच अडखळतो. तपासणी होत होती, ऑडिटरही येत होते. पण ज्याची तपासणी, त्यानेच तयार करून दिलेली यादी तपासली जात होती. त्या यादीतली वीस नावे उचलून थेट प्रणालीत शोधली असती, एकेका कर्जदाराच्या दारात जाऊन विचारले असते, तर खोटेपणा एका दुपारी उघडा पडला असता.

म्हणून स्वतंत्र तपासणी म्हणताना मी तीन प्रश्न विचारतो.

पहिला : तपासनीस कोण नेमतो? बँकेनेच निवडलेला आणि बँकेकडूनच फी घेणारा ऑडिटर किती कडक बोलेल? २०२० च्या कायदादुरुस्तीनंतर सहकारी बँकांनाही ऑडिटर नेमण्यापूर्वी रिझर्व्ह बँकेची मंजुरी घ्यावी लागते. हे पाऊल चांगले आहे.

दुसरा : माहिती कुठून येते? ती मूळ नोंदीतूनच घेतली पाहिजे.

तिसरा : अहवाल कोण वाचतो? सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितले, की रिझर्व्ह बँकेने तपासणीची माहिती माहितीच्या अधिकारात दिली पाहिजे. तिचे कर्तव्य जनतेप्रति आहे, बँकांची गुपिते जपण्याचे नाही. त्यानंतर अनेक बँका पुन्हा न्यायालयात गेल्या. ज्याला अहवालाची भीती वाटते, त्याच्याकडे आपली ठेव आहे, हे लक्षात ठेवा.

आता माझी स्वतःची कबुली. अब्बा एका पतपेढीचे सभासद होते, आता मी आहे. दरवर्षी छापील अहवाल घरी येतो. मी तो न उघडता रद्दीत टाकत आलो. एकाही वार्षिक सभेला गेलो नाही. पतपेढी आज नीट चालली आहे असे मी म्हणतो, पण कशाच्या आधारावर? अध्यक्ष ओळखीचे आहेत, एवढ्यावरच. त्या बँकेच्या हजारो ठेवीदारांचाही असाच विश्वास होता.

दुसऱ्याने सोपवलेल्या पैशाला आपण अमानत म्हणतो. कुरआनातली सर्वांत लांब आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आणि साक्षीदार घेण्याविषयी आहे. म्हणजे हिशेब मागणे हा कोणाचा अपमान नाही. अमानतीचाच तो भाग आहे.

यंदाच्या सभेला मी जाणार आहे. ऑडिटर कोणी सुचवला, सर्वांत मोठे दहा कर्जदार मिळून किती टक्के कर्ज आहे आणि थकबाकी किती, हे उभे राहून विचारणार आहे. तुमच्या पतपेढीत, जमातीच्या फंडात, मोहल्ल्याच्या सोसायटीत तुम्हीही विचारा. उत्तर देताना कोणी चिडले, तर प्रश्न योग्य ठिकाणी लागला असे समजा.