वांगे, अळी आणि बियाणे



आज आपण वांग्याविषयी बोलू. हसू नका. वांगे ही साधी भाजी खरी. पण याच वांग्यावरून २०१० साली दिल्लीच्या सरकारला विचार करावा लागला. का करावा लागला, ते समजून घेऊ.

वांग्याची मोठी वैरीण म्हणजे शेंडे आणि फळे पोखरणारी अळी. ती आधी शेंड्यात शिरते, मग फळात शिरते. एकदा आत गेली, की वरून मारलेले औषध तिला लागत नाही. म्हणून शेतकरी पुन्हा पुन्हा फवारतो. पैसा जातो. विष फळावर राहते, आणि फवारणाऱ्याच्या नाकातोंडातही जाते.

यावर शास्त्रज्ञांनी एक युक्ती काढली. मातीत एक सूक्ष्म जंतू असतो. अळीला मारणारा पदार्थ तयार करण्याचा गुण त्याच्यात आहे. तो गुण त्यांनी प्रयोगशाळेत वांग्याच्या झाडात आणला. आता झाडच तो पदार्थ तयार करते. अळीने खाल्ले, की अळी मरते. याला बीटी वांगे म्हणतात.

तुम्ही म्हणाल, संकरित बियाणे तर आम्ही कधीचे पेरतो. पण हे तसे नव्हे. संकरात वांग्याचा वांग्याशीच मेळ घालतात. इथे जंतूचा गुण झाडात आणला आहे.

२००९ च्या ऑक्टोबरात सरकारी तज्ज्ञ समितीने या वांग्याला मान्यता दिली. लोकांनी हरकत घेतली. तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत लोकांचे म्हणणे ऐकले. त्यांत आपले नागपूरही होते. फेब्रुवारी २०१० मध्ये त्यांनी सांगितले, ‘आणखी तपासणी होईपर्यंत थांबा.’ शेजारच्या बांगलादेशाने मात्र २०१३ साली परवानगी दिली. तिथे शेतकरी हे वांगे पिकवतात.

मग असे अन्न खाल्ल्याने अपाय होतो काय? उगाच भीती घालू नये. तपासणी होऊन बाजारात आलेल्या अशा अन्नाने माणसांना अपाय झाल्याचे दिसलेले नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण प्रत्येक वाण वेगळे तपासावे, असेही तीच सांगते. वांग्याच्या बाबतीत अनेकांनी आणखी तपासणी मागितली.

दुसरी गोष्ट शेताची. ती कपाशीने आपल्याला शिकवली आहे. २००२ साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली. आधी बोंडअळी कमी झाली, फवारणी कमी झाली. शेतकरी खूश झाला. पण पुढे गुलाबी बोंडअळी त्या पदार्थाला सरावली. २०१७ साली विदर्भात आणि मराठवाड्यात बोंडेच्या बोंडे किडली. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि मजूर दगावले. बियाणे विकत, औषध विकत, आणि वर जीवही गेला!

तिसरी गोष्ट बियाण्याची. आपल्याकडची बीटी कपाशी बहुतेक संकरित. तिची सरकी पुन्हा पेरली, तर तसेच पीक येत नाही. म्हणून दर वर्षी दुकानाची पायरी चढावी लागते. घरच्या गावरान वाणाचे तसे नाही. त्याचे चांगले फळ झाडावर पिकू द्यावे, बी धुऊन सावलीत वाळवावे, राख लावून ठेवावे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी असेच गावरान बियाणे जपले. त्यांना २०२० साली पद्मश्री मिळाली. बी जपण्याचा, पेरण्याचा आणि एकमेकांना देण्याचा हक्क शेतकऱ्याला २००१ च्या कायद्याने दिला आहे.

‘पण अळीचे काय?’ असे कोणी विचारील. तिच्यावर विषाशिवायही उपाय आहेत. किडलेले शेंडे आणि फळे दर आठवड्याला तोडून नष्ट करावीत. बांधावर टाकू नयेत. शेतात कामगंध सापळे लावावेत. एकाच जागी दर वर्षी वांगे लावू नये. पाच किलो निंबोळीची भुकटी रात्रभर पाण्यात भिजवावी. सकाळी गाळून त्यात पाणी घालावे, आणि सारे मिळून शंभर लिटर करावे. संध्याकाळी फवारावे.

यात कष्ट आहेत, हे खरे. रासायनिक खत एकदम बंद केले, तर पहिली एक-दोन वर्षे पीक घटू शकते. म्हणून सारे शेत एकदम बदलू नका. एक वाफा करून पाहा. हिशेब लिहून ठेवा. आता तुम्हाला लिहिता येते!

आणि नवे बियाणे घेऊन कोणी आला, तर त्याला चार प्रश्न विचारा. याची तपासणी कोणी केली? परवानगी आहे काय? याचे बी मला ठेवता येईल काय? पीक बुडाले, तर भरपाई कोण देईल? पिशवीवरचे अक्षर वाचा. पावती घ्या. उत्तर मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका.

नवे म्हणून भिऊ नका. नवे म्हणून भुलूही नका. आणि घरची बियाण्याची उतरंड रिकामी होऊ देऊ नका.