आमच्या पद्मिनीचे ब्रेक

(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसांनी आम्हाला दहा मिनिटे दिली आहेत आणि विषय तुमचा तुम्ही ठरवा म्हणाले आहेत. आम्ही म्हणजे दोघे भाऊ. त्यांतला थोरला, राज्य सरकारच्या खात्यात नोकरी करणारा डिप्लोमावाला, दोघांच्या वतीने बोलतो आहे. विषय आहे आमच्या बाबांच्या प्रीमियर पद्मिनीचे ब्रेक.

इथे बसलेल्या अनेकांच्या दारात एके काळी हीच गाडी होती. मूळ सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाटची गाडी बनू लागली आणि १९७०च्या दशकात तिचे नाव पद्मिनी झाले. २०२३च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सीही गेली. आमची मात्र काचीगुड्याच्या घरासमोर ताडपत्रीखाली उभी होती. बाबा गेल्याला चार वर्षे झाली होती.

गेल्या वर्षी आई म्हणाली, "यंदा धूलपेठेतून गणपती आणायचा तो ह्यांच्या गाडीतून." मग उन्हाळ्यात आम्ही कामाला लागलो. इंजिन महिन्याभरात सुरू झाले. पहिल्याच फेरीला गल्लीच्या तोंडाशी ब्रेक दाबला, तर पेडल सरळ तळाला गेले. हँडब्रेक ओढला. गाडी थांबली ती चहाच्या टपरीपासून दोन हातांवर. टपरीवर पाच-सहा माणसे उभी होती. त्या रात्री आम्हा दोघांनाही जेवण गेले नाही.

कारण साधे आहे. आपण पेडल दाबतो तेव्हा मास्टर सिलिंडर ब्रेक ऑइल ढकलतो आणि तोच दाब पाइपांतून चारही चाकांपर्यंत पोहोचतो. आजच्या गाड्यांत यासाठी दोन वेगळ्या वाटा असतात. एक गेली तर दुसरी उरते. आमच्या गाडीत एकच वाट. कुठल्याही एका जोडातून ऑइल गेले की चारही चाकांचा ब्रेक गेला.

डिकी उघडली तर ब्रेक ऑइलची अर्धी बाटली सापडली. तेव्हा आठवले, बाबा दर रविवारी डबी उघडून थोडे ऑइल घालत. आम्हाला वाटे, काय निगा राखतात! ती निगा नव्हती, ती गळती होती. वर भरत राहिल्याने खालचे कधी दिसलेच नाही.

मग सगळे जोड कोरड्या फडक्याने पुसले, त्यांवर खडूची पूड लावली आणि एकाने पेडल दाबून धरले. पूड ओली झाली तिथे गळती. अशी तीन ठिकाणे निघाली.

इथे आमची पहिली चूक. ऑफिसातल्या सवयीने वाटले, जोर लावला की काम होते. नट आवळला, गळती वाढली. आणखी आवळला, तर नटाचे कोपरेच झिजले. दुसरी चूक, नळाला लावतात ती टेफ्लॉन टेप आट्यांवर गुंडाळली. मंडळी, ब्रेकच्या जोडात आटे गळती थांबवतच नाहीत. नट फक्त दाबायचे काम करतो. पाइपाचे फुलवलेले टोक समोरच्या उतरत्या बसणीवर चपखल बसते, तिथे गळती थांबते. टेपचा तुकडा आत गेला तर वाट बुजायची, तो धोका वेगळाच.

झिजलेला नट घेऊन राणीगंजला गेलो. दुकानातल्या म्हाताऱ्या चाचांनी तो बोटांत फिरवला आणि म्हणाले, "ज़ोर नक्को लगाओ साब, चूडी देखो." त्यांचा 'नक्को' आणि आपला 'नको' एकच, म्हणून लगेच पटले! कोणीतरी कधीतरी इंची मापाचा नट बसवला होता. आमच्या जोडाचे भोक दहा मिलिमीटरचे. हा नट तीन अष्टमांश इंचाचा, म्हणजे ९.५ मिलिमीटरच्या जरासा वर. आट्यांचे अंतर जवळजवळ सारखे, म्हणून तो आत जातो, पकडल्यासारखाही वाटतो. पण धरतो अर्धाच. बहुधा बाबांनी तो लावून घेतला तेव्हाही "बसला बघा" असेच कोणी म्हणाले असेल.

मग पाइप नवे केले. तांब्याची नळी वाकवायला सोपी, पण हादऱ्यांनी कडक होऊन तडकते, म्हणून पोलादीच घेतली. टोक दुहेरी फुलवायचे, म्हणजे कड आत दुमडून दोन पदर करायचे. एकेरी टोक फाटू शकते. पहिला पाइप अगदी सुंदर फुलवला आणि मग लक्षात आले, नट आधी ओवायचा राहिला! धाकटा भाऊ अजून तो पाइप दाखवून हसवतो. बसणी पुसून घेतल्या, नट हाताने शेवटपर्यंत फिरवले आणि मगच पाना लावला, तोही नटाला चहूबाजूंनी धरणारा.

ऑइल सगळे बदलले. ते हवेतला ओलावा शोषते. डॉट-३ ऑइल नवे असताना निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा मुरला की १४० अंशांनाही उकळू शकते आणि पाइप आतून गंजतो. मग मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करून हवा काढली. शेवटी पेडल जोराने दाबून पाच मिनिटे धरले. हलले नाही. रात्रभर खाली वर्तमानपत्र अंथरले. सकाळी ते कोरडे होते. तरी पहिले चार दिवस मोकळ्या मैदानातच चालवली.

चौमहल्ला राजवाड्यात निजामाची पिवळी रोल्स-रॉइस आपण सगळ्यांनी पाहिली आहे. ती पाहायची गाडी. तिला थांबावे लागत नाही. आमचीला दर चौकात थांबावे लागते.

चतुर्थीला आई पुढच्या सीटवर मांडीवर गणपती घेऊन बसली. उतारावर आम्ही ब्रेक दाबला, तशी तिने एका हाताने मूर्ती सावरली. गाडी थांबली. आई म्हणाली, "ह्यांच्या वेळी इतकी पटकन नव्हती थांबत." आम्ही दोघे गप्प बसलो. त्या गाडीतून आम्ही रोज शाळेत जात होतो.

डिकीतली बाटली आता काढून टाकली आहे. ऑइलच्या डबीवर एक खूण केली आहे आणि दर रविवारी ती पाहतो. पातळी खुणेखाली गेली, तर ऑइल भरायचे नाही. आधी गाडीखाली वाकायचे.

गणपती बाप्पा मोरया!