ज्ञातीची पत आणि परदेशची नोकरी
(संघाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



आपल्या ज्ञातीतील तरुण आज परदेशच्या कंपन्यांत अधिकारपदांवर आहेत. त्यांपैकी ज्यांच्या हाती नेमणुका आहेत, त्यांची नावे व पत्ते संघाने छापावेत, म्हणजे आपल्या मुलांची सोय होईल, अशी सूचना काही सभासदांकडून आली आहे. तिच्यामागील आपुलकी आम्ही जाणतो. तथापि तिचा निर्णय करण्यापूर्वी परदेशच्या व्यवसायात ज्ञातीने काय साधले आणि काय बिघडविले, याचा विचार व्हावा, एवढ्याचसाठी आम्ही येथे उभे आहोत.

ज्ञातीचा धंद्यास उपयोग होत नाही, असे कोणी म्हणू नये. जेथे न्यायालय दूर आणि माणसे अनोळखी, तेथे ज्ञाती हीच जामीन राहत असे. तमिळ प्रदेशातील नाट्टुकोट्टै चेट्टियारांनी ब्रह्मदेशात, मलायात व सिंहलद्वीपात पेढ्या घातल्या त्या याच बळावर. पेढीवरचा मुनीम स्वज्ञातीचा आणि त्याचे घर चेट्टिनाडात. लबाडी केली तर नोकरीबरोबर अब्रूही जाणार, हे तो जाणून असे. पालनपूरच्या जैनांनी अँटवर्पच्या हिरेबाजारात जम बसविला आणि गुजरातेतील पटेलांनी अमेरिकेतील हमरस्त्यांवर मोटेल चालविली, तेथेही आप्तांचा विश्वास आणि घरच्या माणसांचे श्रम हेच मोठे भांडवल होते.

परंतु याच बंधनाची दुसरी बाजू ब्रह्मदेशात दिसली. १९२९ नंतरच्या मंदीत भाताचे भाव कोसळले आणि तेथील शेतकऱ्यांची कर्जे थकली. दक्षिण ब्रह्मदेशातील १३ प्रमुख भातजिल्ह्यांत चेट्टियारांच्या ताब्यात १९३० साली सुमारे ६ टक्के जमीन होती. १९३८ च्या सुमारास हे प्रमाण २५ टक्क्यांपर्यंत गेले. सावकारांना वस्तुतः रोकड हवी होती, जमीन नव्हे. पण शेतकऱ्याला त्यांच्यात निरनिराळी माणसे दिसेनाशी झाली. दिसली ती एक परकी जमात. १९४२ च्या जपानी स्वारीत पुष्कळांना सर्वस्व टाकून परतावे लागले. ज्या एकोप्याने पेढी उभी केली, त्याच एकोप्याने तिला शेजारी मिळू दिला नाही.

पेढी स्वतःची होती, म्हणून तिच्यावर कोणास बसवावे हा मालकाचा प्रश्न होता. नोकरीची गोष्ट निराळी आहे. कंपनीचा पैसा भागधारकांचा असतो आणि नेमणूक करणारा हा केवळ विश्वस्त असतो. त्याने जात पाहून जागा दिली, तर ते औदार्य त्याने दुसऱ्याच्या खिशातून केले, आणि जो योग्य उमेदवार डावलला गेला त्याच्यावर अन्याय केला.

हा अन्याय काय असतो, हे महाराष्ट्राला नव्याने सांगावयास नको. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१७ साली ते बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहावयास जागा मिळेना. पुढे मुंबईत त्यांनी शेअरांच्या व्यवहारात सल्ला देण्याचा व्यवसाय आरंभिला. पण सल्लागार अस्पृश्य आहे असे कळताच गिऱ्हाइके फिरकेनाशी झाली. अर्थशास्त्राचा एवढा मोठा पंडित दाराशी आला असता बाजाराने त्याची जात विचारली!

तो काळ गेला, असे समाधान मानण्यास जागा नाही. २०२० साली कॅलिफोर्निया राज्याच्या नागरी हक्क खात्याने सिस्को या कंपनीविरुद्ध दावा लावला. वरिष्ठ भारतीय अभियंत्यांनी एका दलित अभियंत्यास जातीवरून डावलले, असा आरोप त्यात होता व तो कंपनीने नाकारला. २०२३ साली सिअ‍ॅटल नगरीने जातिभेदास कायद्याने मनाई केली. अमेरिकेतील शहरांत ती पहिली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने संमत केलेले तशाच आशयाचे विधेयक मात्र, विद्यमान कायद्यातच अशी मनाई आहे, असे सांगून गव्हर्नरांनी परत पाठविले. कायद्याच्या वाटेविषयी मतभेद असतील. परंतु सातासमुद्रांपलीकडच्या नगरीस आपल्या जातीसाठी कायदा करावा लागावा, ही आपल्याला भूषणावह गोष्ट नव्हे.

आपण तर जात उघडपणे विचारीतही नाही. "आडनाव काय? मूळचे कुठले? घरी मासे चालतात का?" एवढ्या तीन प्रश्नांत आपले काम होते. मुंबईच्या चाळीत हे प्रश्न कुतूहलाचे वाटतील. वरिष्ठाने हाताखालच्या माणसास विचारले, तर उत्तर देणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. ज्यांची नावे परदेशी साहेबाला उच्चारता येत नाहीत आणि त्यामुळे कानकोंडे होण्याची पाळी ज्यांच्यावर येते, त्या आपल्या मुलांना हे दुःख समजावयास हवे.

म्हणून आमची विनंती अशी. नेमणूक करणाऱ्यांची यादी संघाने छापू नये. त्याऐवजी शिष्यवृत्तीचा निधी वाढवावा. परदेशी नव्याने जाणाऱ्या मुलास पहिले काही दिवस उतरावयास घर मिळेल, भाडेकरार, विमा, कर यांची माहिती मिळेल, मुलाखतीची तयारी होईल, अशी व्यवस्था करावी. आणि या मार्गदर्शनवर्गाचे दार अन्य ज्ञातींच्या मुलांसही मोकळे असावे. संघाने आपल्या मुलास कचेरीच्या दारापर्यंत अवश्य पोहोचवावे. आत मात्र त्याला स्वतःच्या गुणांवर जाऊ द्यावे. असा गेलेला मुलगा पुढे खुर्चीवर बसेल, तेव्हा समोरच्या उमेदवाराचे आडनाव न पाहता त्याचे काम पाहील, अशी आमची आशा आहे. तीच आपल्या ज्ञातीची खरी पत होय.