गापुनची मुले आणि मळ्यावरची भाषा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



भाषेवर बंदी आली म्हणजे भाषा मरते, अशी एक समजूत चळवळीत रूढ आहे. पापुआ न्यू गिनीतील गापुन या खेड्याचा इतिहास मात्र निराळेच सांगतो.

सेपिक आणि रामू या नद्यांच्या मुखांदरम्यानच्या दलदलीच्या प्रदेशात हे खेडे वसले आहे. येथील ताइआप भाषेचे नाते दुसऱ्या कोणत्याही ज्ञात भाषेशी जुळत नाही. डॉन कुलिक हे मानववंशशास्त्रज्ञ १९८६ च्या सुमारास तेथे जाऊन राहिले, तेव्हा शंभराहून थोड्या अधिक वस्तीत ८९ माणसे ती भाषा बोलत होती. पण दहा वर्षांखालील एकही मूल तिच्यात बोलत नव्हते. पुढे वस्ती वाढत गेली आणि बोलणारे घटत गेले. तेव्हा माणसे संपली म्हणून भाषा संपत आली, असेही म्हणता येत नाही.

मग घडले काय? जर्मनांची ही वसाहत १९१४ साली ऑस्ट्रेलियाच्या ताब्यात गेली. खोबऱ्याच्या मळ्यांची मजुरांची भूक मात्र तीच राहिली. त्या महायुद्धाच्या काळातच गापुनचे दोन पुरुष करारावर कोकोपोच्या मळ्यात गेले. परतताना त्यांनी लोखंडी हत्यारे व कापड आणले, आणि टोक पिसिनही आणली. मुकादमाचा हुकूम याच भाषेत सुटे, आणि निरनिराळ्या जमातींचे मजूर आपसांत बोलत तेही याच भाषेत. आणलेले सामान झिजून संपले. भाषा मात्र गावात राहिली. दुसऱ्या महायुद्धानंतर बरेच तरुण मजुरीला बाहेर पडले. मिशनऱ्यांचा धर्मही त्याच भाषेतून आला.

दुसरी भाषा शिकणे हे काही तेथे नवे नव्हते. शेजाऱ्यांच्या भाषा येणे हे पूर्वीही पुरुषाचे भूषण होते, आणि त्याने ताइआपला धक्का लागला नव्हता. फरक पडला तो बरोबरीचे नाते सुटल्यामुळे. टोक पिसिन मिळकतीशी, शहाणपणाशी, पुरुषांशी जोडली गेली. ताइआप हट्टाशी, संतापाशी आणि स्त्रियांशी. कुलिक गेले तेव्हा गावाला रस्ता नव्हता, वीज नव्हती. पैसा असा फारसा आलाच नव्हता; त्याची भाषा तेवढी येऊन बसली होती!

आणि हे सारे कोणी ठरवून केलेले नाही. ताइआप टाकावी असे गावात कोणालाच वाटत नव्हते. आया मुलांना हाका ताइआपमध्ये मारत. मूल ऐकेना, की टोक पिसिनमध्ये सांगत. मुलाला काय उमगत असेल? खरे सांगणे दुसऱ्या भाषेत येते, एवढेच.

कुलिक व अँजेला टेरिल यांनी २०१९ साली ताइआपचे व्याकरण आणि शब्दकोश प्रसिद्ध केला. काम मोलाचे आहे. फक्त ज्या घरांत हा बदल घडला तेथे तो कोश पोहोचत नाही. त्या घरांत अशी श्रद्धा होती की तान्हे मूल पहिला शब्द ताइआपमध्येच उच्चारते: ‘ओकी’, म्हणजे ‘मी चाललो’. मूल जन्मतःच हट्टी, असे लोक मानत. आणि मुले ताइआप का बोलत नाहीत, असे विचारले की आईबाप मळ्याचे नाव घेत नसत, स्वतःचेही नाही. ते म्हणत, मुलेच हट्टी आहेत.