अकरा रात्रींचा हिशेब

आमची निफाडला द्राक्षबाग आहे. डिसेंबर-जानेवारीच्या संध्याकाळी माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, ओट्यावर येऊन वर बघायचे. आभाळ निरभ्र असलं की म्हणायचे, "आज शेकोट्या लावाव्या लागणार." मग रात्रभर बागेत जागोजागी धूर करायचा, नाहीतर पहाटेच्या थंडीने मणी तडकतात. आभाळ भरून आलेलं असलं की मात्र अण्णा निवांत झोपायचे. ढगांचा आणि थंडीचा काही संबंध असतो, हे मी पुस्तकात वाचण्याआधी बागेत शिकलो. पुढे नोकरीत हाच संबंध मोजायचं काम वाट्याला आलं. तेही उत्तर ध्रुवापासून सुमारे १२०० किलोमीटरवर.

न्यू-ऑलेसुंड हे नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरचं छोटंसं गाव. पूर्वी तिथे कोळशाची खाण होती. १९६२ मध्ये मोठा अपघात झाला, २१ माणसं दगावली आणि खाण बंद पडली. आता तिथे निरनिराळ्या देशांची संशोधन केंद्रं आहेत. भारताचं 'हिमाद्री' २००८ मध्ये सुरू झालं. त्याचा कारभार चालतो गोव्यात, वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्रातून. माडांच्या सावलीतून ध्रुवाचा कारभार, याची मला अजूनही गंमत वाटते. गावाबाहेर पडायचं तर बरोबर बंदूक हवी आणि गावातल्या इमारतींना कुलूप लावायचं नाही. दोन्हीचं कारण एकच, पांढरं अस्वल.

२०१६ च्या फेब्रुवारीच्या अखेरीस मी तिथे पोहोचलो. काम वाण्याच्या वहीसारखं होतं. हवा, हिम आणि पाणी यांच्यात उष्णतेची देवाणघेवाण किती होते, याचा जमाखर्च मांडायचा. त्यासाठी एका खांबावर चार उपकरणं होती. दोन वर बघणारी, दोन खाली बघणारी. सूर्याचा प्रकाश किती आला आणि हिमावरून किती परत गेला, हे एक जोडी सांगते. ताजं हिम शंभरातले ऐंशी-नव्वद भाग प्रकाश परत पाठवतं, उघडा समुद्र जेमतेम दहा. दुसरी जोडी डोळ्यांना न दिसणारी उष्णता मोजते. प्रत्येक वस्तू अशी उष्णता बाहेर टाकत असते. जमीन वर टाकते, ढग खाली टाकतात. निरभ्र आकाशाकडून फार थोडी परत मिळते, म्हणून मोकळ्या रात्री जमीन गारठते. अण्णांच्या शेकोट्यांचं शास्त्र ते हेच.

खांबावर वारा मोजणारं आणखी एक यंत्र होतं. त्याला फिरणारं काहीच नसतं. ते आवाजाच्या लहरी सोडतं आणि वाऱ्याचा वर-खाली होणारा बारीकसा झोकासुद्धा सेकंदाला दहा-वीस वेळा टिपतं. वर जाणारा झोका ऊब घेऊन जातो की थंडी, यावरून हवेची देवाणघेवाण कळते. हिमाच्या थरात खालपासून वरपर्यंत तापमापकांची माळ पुरलेली. ताजं, भुसभुशीत हिम म्हणजे गोधडीच. त्यात अडकलेल्या हवेमुळे ते घट्ट बर्फाच्या दहाव्या हिश्शाइतकीसुद्धा उष्णता वाहू देत नाही.

आणि पाणी? समोरची काँग्सफ्योर्ड नावाची खाडी पूर्वी हिवाळ्यात आतल्या भागात नेमाने गोठायची. २००६ पासून तसं होत नाही, कारण अटलांटिकचं कोमट पाणी आत शिरतं. कोमट म्हणजे आपल्या अंघोळीचं नव्हे. शून्याच्या चार अंश वर असलं तरी तिथे ते गरमच. समुद्राचं खारं पाणी उणे १.८ अंशाला गोठतं. वरची हवा उणे २० ची असली की उघड्या पाण्यातून वाफा निघतात. खाडीवर कुणी मोठं पातेलं ठेवलंय असं वाटतं. अशा वेळी दर चौरस मीटरमागे शेकडो वॅट उष्णता पाणी सोडून हवेत जाते. खाडीच्या पोटात काय चाललंय हे बघायला आपल्या लोकांनी २०१४ मध्ये १९२ मीटर खोल पाण्यात उपकरणांचा दोर उभा केला.

शेकडो वॅटच्या या उलाढालीत खरी गोष्ट मात्र एक-दोन वॅटची असते. दर चौरस मीटरमागे एक वॅट उष्णता वर्षभर जास्तीची मुरली, तर सुमारे दहा सेंटिमीटर जाडीचा बर्फ वितळतो. एक वॅट म्हणजे देवघरातल्या छोट्या विजेच्या दिव्याइतकी ताकद. म्हणून हा हिशेब पैशापैशाने ठेवायचा असतो.

आणि मी पन्नास वॅटची चूक केली.

वर बघणाऱ्या उपकरणाच्या काचेवर हवा मारणारा एक छोटा पंखा असतो. थंडीत बॅटरी लवकर उतरत होती, म्हणून तो पंखा मीच बंद केला. त्यावाचून काही अडेल असं वाटलं नाही. नंतर रात्रीचे आकडे येऊ लागले. आकाशाकडून २२५-२३० वॅट. हा ढगाळ आकाशाचा आकडा. मी साप्ताहिक अहवालात लिहून टाकलं, "रात्री ढगाळ, उष्णतेचा ऱ्हास अत्यल्प."

हिशेब जुळत नव्हता, हे खरं. हिमाचा पृष्ठभाग हवेपेक्षा सहा-सात अंशांनी थंड दिसत होता आणि वाराही फारसा नव्हता. ढगाखाली असं सहसा होत नाही. पण या कामात जमाखर्च तंतोतंत कधीच जुळत नाही, दहा-वीस टक्के इकडेतिकडे होतातच, हे आम्हाला पहिल्या दिवशीच शिकवलेलं असतं. शिकवलेलं असं सोयीस्कर वेळी आठवतं.

बाराव्या रात्री एकच्या सुमारास ध्रुवीय प्रकाश बघायला मी बाहेर आलो. डोक्यावर हिरवा पट्टा, आजूबाजूला तारे. मनसोक्त बघितलं. आत येऊन पडद्यावर नजर टाकली, तर आकाश ढगाळ! टॉर्च घेऊन खांबाकडे गेलो. उपकरणाच्या काचेवर पिठीसाखर भुरभुरल्यासारखं दव गोठलेलं. उपकरणाला आकाश दिसतच नव्हतं. त्याला दिसत होता तो हवेइतक्याच तापमानाचा बर्फाचा पापुद्रा, आणि तोच त्याला ढग वाटत होता. दिवसा उन्हाने काच कोरडी व्हायची आणि मी पाहणीला जायचो सकाळी अकराला. श्वास रोखून, अल्कोहोलच्या फडक्याने काच पुसली. श्वास सोडला तर तोही तिथेच गोठतो. दहा मिनिटांत आकडा १७५ वर आला.

हा फरक साधा नाही. १९९७ च्या ऑक्टोबरात कॅनडाचं एक बर्फफोडं जहाज मुद्दाम समुद्रात गोठवून घेऊन शास्त्रज्ञ वर्षभर बर्फाबरोबर वाहत गेले होते. त्यांना आढळलं, की हिवाळ्यात तिथलं आकाश बहुधा दोनच अवस्थांत असतं: निरभ्र, तेव्हा पृष्ठभाग सुमारे चाळीस वॅट गमावतो, किंवा पाण्याच्या थेंबांच्या ढगांनी भरलेलं, तेव्हा जवळजवळ काहीच गमावत नाही. मी अकरा रात्री एका अवस्थेला दुसरी म्हणत होतो. काचेवरचा हा बर्फ इतका त्रास देतो, की २०१७-१८ मध्ये अलास्कातल्या उत्कियाग्विक इथे त्यावरच्या उपायांची तुलना करण्यासाठी वर्षभर खास प्रयोग चालला. त्यात साधी हवा मारणारा पंखासुद्धा चांगलं काम करतो असं दिसलं. तोच, जो मी बंद केला होता.

अहवाल मागे घेतला. एका सहकाऱ्याने सुचवलं, शेजारच्या केंद्राचे आकडे आहेत, ते घालून टाक, कुणाला कळणार आहे? आकडे चांगलेच होते, पण ते त्यांच्या खांबाचे होते. मी आमच्या फाइलमध्ये त्या रात्रींसमोर उणे ९९९९ भरलं. आमच्या भाषेत त्याचा अर्थ, मोजमाप नाही.

घरी फोन केला तेव्हा अण्णांना सगळं सांगितलं. पंखा, काच, वॅट, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अरे, पण अकरा रात्रींत तू एकदाही बाहेर येऊन वर बघितलं नाहीस?"

तेव्हापासून माझ्या वहीत एक रकाना वाढला आहे: आभाळ, स्वतः पाहिलं, किती वाजता. नवीन मुलं विचारतात, कॅमेरा बसवलेला असताना हा रकाना कशाला? मी त्यांना ती जुनी फाइल उघडून देतो.