आगमनकाळ आणि आपण बायका

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनाला बोलावयास उभे राहिले की वर्षभराच्या कार्याचा आढावा घ्यावा, अशी रीत आहे. परंतु तो चिटणीसबाईंनी आत्ताच घेतला, आणि तोही हिशेबासकट! तेव्हा मला दुसरा विषय घेण्याची मोकळीक आहे. थोड्याच दिवसांत आगमनकाळ सुरू होईल. त्याविषयी आणि एकंदरीत वाट पाहण्याविषयी दोन शब्द बोलावेत असे मनात आहे.

आमच्या हिंदू शेजारणींसाठी आधी थोडे सांगते. आम्हा कॅथलिकांचे उपासनेचे वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. नाताळाच्या आधी जे चार रविवार येतात त्यांतल्या पहिल्या रविवारी ते सुरू होते. हा रविवार 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर यांच्या दरम्यान पडतो. म्हणजे हा काळ कमीत कमी 22 दिवसांचा आणि जास्तीत जास्त 28 दिवसांचा. या दिवसांत धर्मगुरूंचा झगा जांभळा असतो, आणि रविवारच्या मिस्सेतले एरवीचे गौरवगीत गायले जात नाही. तिसऱ्या रविवारी मात्र जांभळ्याऐवजी गुलाबी झगा घालता येतो, कारण आनंद आता जवळ आला. आमच्या वर्षाचा आरंभ असा वाट पाहण्याने होतो, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

पण खरे सांगू का? आपण ही वाट पाहतो कोठे? दुकानांतून नोव्हेंबरातच चांदण्या लटकू लागतात. नेवऱ्यांचे सारण, केकची ऑर्डर, पडद्यांची धुलाई, मुलांचे कपडे या धांदलीत आगमनकाळ कधी आला आणि कधी गेला याचा पत्ता लागत नाही. तयारी करू नये असे मी म्हणत नाही. ती आपणच करणार, नाही तर घरात कोण करतो? पण नाताळ महिनाभर आधीच साजरा करून टाकला, की 25 तारखेला उरतो तो नुसता थकवा.

चार मेणबत्त्यांचे हिरवे कडे आता आपल्या चर्चमध्येही ठेवतात. त्याची हकिगत मोठी गोड आहे. हाम्बुर्ग शहरात योहान हिन्रिख विचर्न नावाचे एक प्रॉटेस्टंट पाळक निराधार मुलांचा आश्रम चालवीत. मुले रोज विचारीत, नाताळ आला का, अजून किती दिवस? शेवटी 1839 साली त्यांनी गाडीचे एक जुने चाक घेतले, त्यावर आठवड्याच्या दिवसांसाठी लहान लाल मेणबत्त्या आणि रविवारांसाठी मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या लावल्या, आणि रोज एक पेटवू लागले. कॅथलिक चर्चमध्ये ही चाल विसाव्या शतकात आली. चांगली गोष्ट कोणत्या पंथाकडून आली हे पाहत बसू नये, असे माझे मत आहे.

असो. आता मुख्य मुद्द्याकडे येते.

वाट पाहणे हे बायकांना कोणी शिकवावे लागत नाही. नऊ महिने वाट पाहते ती बाईच. नवरा जहाजावर किंवा आखातात गेला की तारखा मोजते ती बाईच. आजाऱ्याच्या उशाशी रात्र काढते ती बहुधा बाईच. म्हणूनच की काय, आपल्याला उपदेश करणारे लोक 'वाट पाहा' हे शब्द फार सढळ हाताने वापरतात. नवरा पितो? वाट पाहा, सुधारेल. मारतो? प्रार्थना कर, देवाची वेळ यावी लागते. सासरी मूल होत नाही म्हणून टोमणे बसतात? मरियेकडे पाहा, ती कशी मुकाट होती!

भगिनींनो, या शेवटच्या वाक्याविषयी मला तक्रार आहे. मरिया मुकाट होती हे कोणी सांगितले? संत लूकचे शुभवर्तमान उघडून पहिला अध्याय नीट वाचा. देवदूत निरोप घेऊन येतो तेव्हा ती आधी प्रश्न विचारते, हे कसे होईल म्हणून. मग होकार देते. आणि होकार दिल्यावर घरात बसून राहत नाही. ती लगबगीने निघते आणि डोंगराळ मुलखातल्या एलिझाबेथकडे जाते. ते गाव म्हणजे यरुशलेमजवळचे एन करेम असे परंपरा मानते. तसे असेल तर नासरेथहून ती वाट 100 किलोमीटरांहून अधिक होते. पोटात मूल, आणि एवढी वाट! तेथे ती सुमारे तीन महिने राहिली, आणि तेथेच तिने ते गीत म्हटले, ज्यात गर्विष्ठांची दाणादाण होते, सत्ताधारी सिंहासनावरून खाली येतात आणि भुकेल्यांची पोटे भरतात. मुकाट बाईचे गीत असे नसते.

आणि एलिझाबेथ! बिचारीचे वय उलटून गेलेले, पदरी मूल नाही. लोक काय म्हणत असतील ते तुम्हा-आम्हाला वेगळे सांगायला नको. दिवस गेल्यावर ती म्हणते, लोकांतली माझी मानखंडना प्रभूने दूर केली. त्या एका उद्गारात किती वर्षांचे टोमणे साठलेले आहेत! पण पुढचा प्रसंग मला अधिक आवडतो. मूल आठ दिवसांचे झाले तेव्हा नाव ठेवायला शेजारीपाजारी आणि नातलग जमले. बापाचेच नाव ठेवायचे, जखऱ्या, असे त्यांनी आपसांत ठरवूनही टाकले. बाप तर मुका झालेला. तेव्हा आई म्हणाली, नाही, याचे नाव योहान. लोकांनी हरकत घेतली की, तुझ्या नात्यात हे नाव कोणाचेच नाही. ती बधली नाही. शेवटी त्यांनी बापाला खुणा केल्या. त्याने पाटी मागून तेच नाव लिहिले, आणि मग त्याची वाचा मोकळी झाली. इतकी वर्षे वाट पाहिलेली ही बाई भरल्या घरात सर्वांसमोर 'नाही' म्हणू शकली. वाट पाहण्याने तिचा कणा मोडला नव्हता.

म्हणून माझे म्हणणे असे, की वाट पाहणे आणि सोसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. देव देणार आहे या विश्वासाने आपण वाट पाहतो. माणूस जो अन्याय करतो तो सोसत राहणे याला आगमनकाळाचे नाव देऊ नये. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणारा कायदा 2005 साली झाला आणि ऑक्टोबर 2006 पासून तो अमलात आहे. त्यात संरक्षण अधिकारी नेमलेले असतात, आणि बाईला राहत्या घरातून हाकलता येत नाही. मार खाणाऱ्या बहिणीला आपण जपमाळ देतो, ती जरूर द्यावी. पण तिच्याबरोबर त्या अधिकाऱ्याकडेही जावे.

आता कोणी म्हणेल, बाई, ज्या वाटेला आपला काहीच इलाज नाही, तिचे काय? प्रश्न खरा आहे. त्याचे उत्तर मला एका कैद्याकडून मिळाले. आल्फ्रेड देल्प हे जर्मन जेज्वीट धर्मगुरू. हिटलरशाही संपल्यावर देशाची घडी न्यायाने कशी बसवावी, याचा विचार करणाऱ्या मंडळींत ते होते. जुलै 1944 मध्ये त्यांना पकडले. बर्लिनच्या टेगेल तुरुंगात, हातांत बेड्या असताना, त्यांनी त्या डिसेंबरात आगमनकाळावर चिंतने लिहिली. तुरुंगात जन्मलेले हे लिखाण बाहेर कसे आले माहीत आहे? धुण्याच्या कपड्यांतून! मारियान्ने हापिग आणि मारियान्ने प्युंडर या दोघी मैत्रिणी कैद्यांचे कपडे नेत-आणत, आणि त्यातून चिठ्ठ्या जात-येत. जगातले कितीतरी मोठे काम धुण्याच्या गाठोड्यातून झाले आहे, पण इतिहासात गाठोडे वाहणारीचे नाव क्वचितच येते.

देल्प सुटले नाहीत. 8 डिसेंबरला, मरियेच्या सणादिवशी, तुरुंगातच त्यांनी आपले अखेरचे व्रत घेतले. जानेवारी 1945 मध्ये फाशीची शिक्षा झाली, आणि 2 फेब्रुवारीला ती अमलात आली. ते 37 वर्षांचे होते. आपली सुटका होईल अशी त्यांना आशा होती, ती फळली नाही. आता 2 फेब्रुवारी हा दिवस कोणता? बाळ येशूला मंदिरात अर्पण केल्याचा. त्या दिवशी मंदिरात म्हातारी हन्ना होती. सात वर्षांचा संसार, मग वैधव्य, आणि आता वय 84. ती मंदिर सोडून जात नसे. तिला बाळ दिसले. देल्पना त्यांच्या वाटेचा शेवट या डोळ्यांनी दिसला नाही. तरीही विश्वास दोघांचा सारखाच, असे मी मानते. तुमच्यापैकी ज्यांना मूल झाले नाही, ज्यांचा मुलगा परत आला नाही, त्यांच्यापुढे 'धीर धरा, सर्व ठीक होईल' असे म्हणण्याचे धैर्य मला होत नाही. तसे वचन शुभवर्तमानातही नाही. इम्मानुएल या नावाचा अर्थ 'देव आम्हाबरोबर' एवढाच आहे.

आपल्या मराठीतही याची एक साक्ष आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेज्वीट 1579 साली गोव्यात आले, मराठी शिकले, आणि त्यांचे 'ख्रिस्तपुराण' 1616 मध्ये राशोल येथे छापले गेले. जवळजवळ 11,000 ओव्यांचा हा ग्रंथ. त्याच्या पहिल्या पुराणात तारणारा जन्माला येतच नाही! सृष्टीपासून संदेष्ट्यांपर्यंत नुसती वाट. ज्याला बाळ पाहायचे त्याने आधी हे सारे ऐकावयाचे. तेव्हाच्या श्रोत्यांना तेवढा दम होता.

शेवटी एक सूचना मांडते. 18 डिसेंबरला स्पेन-पोर्तुगालात गरोदर मरियेचा जुना सण असतो. टोलेडोच्या धर्मसभेने तो 656 साली त्या तारखेला ठरवला. पोर्तुगालात तिच्या अशा मूर्ती आहेत, की एक हात पोटावर ठेवलेला आहे. त्या दिवसापर्यंत मंडळाच्या सभासदांनी दोघी-दोघींनी मिळून आपल्या गावातल्या एकेका घरी जावे: जेथे पहिलटकरीण आहे, जेथे अंथरुणाला खिळलेले कोणी आहे, जेथे नवरा परगावी आहे, जेथे रात्री आरडाओरड ऐकू येते. जाताना उपदेश नेऊ नये. डबा न्यावा, किंवा त्यांचे धुणे घेऊन यावे. शेजारणींनीही यावे, त्यात धर्माची अडचण नाही. नावे लिहिण्यासाठी वही दारापाशी ठेवली आहे, आणि चहा झाल्यावर चिटणीसबाई जोड्या लावून देतील.